रोलर, ओली वाळू आणि १७२ माणसं

गेल्या वर्षी आमच्या विभागात साधारण दोन टनांचं एक जुनं यंत्र एका खोलीतून दुसरीकडे हलवायचं होतं. क्रेन आत येणं शक्यच नव्हतं. सहा कामगार आले. सोबत पहारी, लाकडी ठोकळे आणि लोखंडी पाइपचे पाच-सहा तुकडे, बस्स. मी उत्साहाने वजनाचे आकडे सांगायला लागलो, तर त्यांच्यातले वयस्कर काका म्हणाले, "सर, वजन राहू द्या. खाली जमीन कशी आहे ते सांगा." पहारीने एक बाजू उचलायची, पाइप सरकवायचा, ढकलायचं, मागे सुटलेला पाइप उचलून पुढे आणायचा. फरशीवर यंत्र अगदी लोण्यासारखं गेलं. दाराबाहेर मात्र पेव्हर ब्लॉक होते. तिथे आधी पत्रे अंथरले, मगच पाइप.

काकांचं ते वाक्य डोक्यात राहिलं. म्हटलं, जुन्या लोकांनी हे कसं केलं असेल ते वाचू. माझी समजूत तुमच्यासारखीच होती, की प्राचीन काळी म्हणजे गोल ओंडके.

ओंडक्यांचं एक चांगलं, पाहिलेल्या माणसानेच लिहिलेलं वर्णन आहे ऑस्टेन हेन्री लेयार्डचं. १८४७ साली आजच्या इराकमधल्या निमरूदला त्याने माणसाचं डोकं असलेला पंखांचा दगडी बैल हलवला. वजन सुमारे १० टन. दोरखंडांनी तो हळूहळू आडवा करत असताना दोर तुटले आणि बैल धाडकन खाली आला. लेयार्ड धावत गेला, तर बैल शाबूत, नेमका हवा तिथे पडलेला! मग खणलेल्या चरात वंगण लावलेले लाकडी स्लीपर टाकून, त्यावर ओंडके ठेवून तो बाहेर ओढला. पुढे तैग्रिस नदीपर्यंत गाडी होती. जुंपलेल्या म्हशींनी ओझं जाणवताच पाय रोवले, म्हणून सुमारे ३०० माणसांनी ती ओढली. तरी चाकं वाटेत जमिनीत रुतलीच.

म्हणजे ओंडके चालले, पण त्यांच्याखाली आधी लाकडाची वाट करावी लागली. गोल वस्तू जमिनीला अगदी अरुंद पट्टीत टेकते. सगळं वजन त्या पट्टीवर येतं. जमीन मऊ असेल तर तिथे खाच पडते आणि रोलरला सतत त्या खाचेतून वर चढावं लागतं. मग वाळूत काय करायचं?

इथे इजिप्तकडे जाऊ. देर अल-बर्शा इथे जेहुतीहोतेप या प्रांताधिकाऱ्याची थडगं-खोली आहे, इ.स.पू. १९०० च्या सुमाराची. तिच्या भिंतीवर त्याचा महाकाय पुतळा ओढून नेतानाचं चित्र होतं (१८९० मध्ये त्याची बरीच नासधूस झाली, पण नकला उरल्या). चार रांगांत १७२ माणसं दोर ओढताहेत. पुतळ्याच्या मांडीवर उभा राहून एकजण टाळ्यांनी ताल देतोय. पुतळा स्लेजवर, म्हणजे बिनचाकाच्या लाकडी घसरगाडीवर आहे. रोलर एकही नाही! आणि स्लेजच्या अगदी टोकाशी एक माणूस घागरीतून काहीतरी ओततोय.

या ओतणाऱ्या माणसाकडे बऱ्याच जणांनी शुद्धीकरणाचा विधी म्हणून पाहिलं. काहींना ते वंगण वाटलं. २०१४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात डॅनियल बॉन यांच्या गटाने हे सरळ मोजलं. ट्रेमध्ये वाळू, त्यावर छोटी स्लेज, आणि ओढायला लागणारं बल. कोरडी वाळू स्लेजपुढे ढिगासारखी साचते. थोडं पाणी घातलं की केशाकर्षणामुळे कण एकमेकांना धरून ठेवतात, वाळू घट्ट होते आणि बल जवळपास निम्म्यावर येतं. पाणी जास्त झालं की बल पुन्हा वाढतं. काय आवडलं सांगू? उपकरण आपल्या बीएस्सीच्या लॅबमध्ये मांडता येईल असं, आणि पेपर फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये.

पण इथेच थांबू नका, हिशोब करा. मी बसमध्ये तिकिटाच्या मागे केला. शिलालेखात पुतळ्याची उंची १३ हात दिली आहे, त्यावरून वजन सुमारे ५८ टन धरतात. एक माणूस सलग ५० किलोभाराइतकं ओढतो असं मानलं (हे मी उदारपणे धरलंय), तर १७२ जणांचे झाले ८६०० किलो. भागिले ५८०००, म्हणजे घर्षणांक जेमतेम ०.१५. कोरड्या वाळूवर लाकूड घासलं तर तो ०.५ च्या आसपास असतो. निम्मा केला तरी ०.२५. जमत नाही!

तेव्हा तीनपैकी काहीतरी सैल आहे. पुतळा मिळालेला नाही, त्यामुळे वजन हा अंदाजच. चित्रातली माणसं मोजून काढलेली असतीलच असं नाही, ४३ च्या चार रांगा ही चित्रकाराची सोय असू शकते. किंवा स्लेजखाली नुसती वाळू नव्हती, फळ्या किंवा ओला चिखल होता. माझा कल या तिसऱ्या शक्यतेकडे आहे. चित्रात खालच्या बाजूला तिघेजण खाचा असलेलं एक मोठं लाकूड खांद्यावर घेऊन चाललेत. ते नेमकं कशासाठी होतं, याचा विचार मी अजून करतोय.