पोकरचे पुस्तक निवडताना आधी त्याचा काळ वाचावा

१/९
१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सुमारे ६०० पानांचा एक ग्रंथ १०० डॉलरला विकला जाऊ लागला. ‘सुपर/सिस्टम’ या नावाने तो पुढे गाजला. लेखक डॉयल ब्रन्सन यांनी १९७६ आणि १९७७ अशी सलग दोन वर्षे पोकरची जागतिक स्पर्धा जिंकली होती. नवख्या खेळाडूंना हा ग्रंथ आजही सुचवला जातो. तो कोणत्या खेळासाठी आणि कोणत्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध लिहिला गेला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. पोकरच्या पुस्तकांच्या इतिहासावर हा थ्रेड.

२/९
इंग्लंडमधील एडमंड हॉइल यांची व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळावरील पुस्तिका १७४२ साली निघाली. १७६९ मध्ये ते वारले. पोकर रुजला तो १९व्या शतकाच्या पूर्वार्धात, मिसिसिपी नदीच्या काठाकाठाने. तरीही अमेरिकेत ‘हॉइल’ नावाने छापलेल्या कित्येक पुस्तकांत पोकरचे नियम सापडतात, कारण ते नाव प्रामाण्याचा शिक्का बनले होते. मुखपृष्ठावरील नाव आतल्या मजकुराची हमी देत नाही, हा या इतिहासातला पहिला धडा.

३/९
१९५७ मध्ये हर्बर्ट यार्डली यांचे ‘द एज्युकेशन ऑफ अ पोकर प्लेयर’ आले. यार्डली हे अमेरिकेचे नामांकित गूढलिपीतज्ज्ञ. १९२१-२२ च्या वॉशिंग्टन नौदल परिषदेच्या वेळी त्यांच्या कार्यालयाने जपानचे सांकेतिक संदेश उलगडले होते. त्यांच्या उपदेशाचे सार होते संयम: पत्ते कमकुवत असतील तर पैसे न गुंतवता ते टाकून द्यावेत. मात्र आज सर्वाधिक खेळला जाणारा टेक्सास होल्डम या पुस्तकात नाही.

४/९
ब्रन्सन यांचा मार्ग उलटा होता. पैज सतत वाढवत न्यावी आणि प्रतिस्पर्ध्याला भीतीने पत्ते टाकायला लावावे. समोरचे खेळाडू सावध असतील तोवर हे शस्त्र प्रभावी ठरते. काहीही झाले तरी पत्ते न टाकणाऱ्यांच्या टेबलावर तीच हुलकावणी अंगाशी येते. शिवाय अनेकांनी हे पुस्तक वाचल्यावर डावपेचातील गुपित उरले नाही. असे ज्ञान जितके पसरते, तितके त्याचे मोल घटते.

५/९
पुढच्या काळातील अनेक पुस्तके ‘लिमिट’ पोकरसाठी लिहिलेली आहेत. त्यात पैजेची रक्कम आधीच ठरलेली असते. ‘नो-लिमिट’मध्ये खेळाडू आपल्यासमोरचे सगळे पैसे एका चालीत लावू शकतो. पत्ते तेच राहतात, पण चुकीची किंमत पूर्ण बदलते. नवखा फसतो तो बहुधा इथेच: चांगले पुस्तक, पण दुसऱ्याच टेबलासाठी लिहिलेले.

६/९
काळाच्या ओघात टिकले ते गणित. डेव्हिड स्क्लान्स्की यांचे १९८७ चे ‘द थिअरी ऑफ पोकर’ त्यासाठी ओळखले जाते. एक उदाहरण पाहावे. होल्डममध्ये हातात बदामाचे दोन पत्ते आहेत आणि टेबलावर उघडलेल्या तीन पत्त्यांतही दोन बदाम आहेत. न दिसलेले पत्ते ४७, त्यांत बदाम ९. पुढचा पत्ता बदामाचा निघण्याची शक्यता सुमारे १९ टक्के. मध्ये १०० रुपये जमले असताना आणखी २० भरून पुढचा पत्ता पाहता येत असेल, तर हिशेब जमतो. ५० भरावे लागत असतील, तर एवढ्याच बळावर जमत नाही. हे उत्तर १९८७ मध्ये जे होते, तेच आजही आहे.

७/९
२००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस इंटरनेटवरील छोट्या स्पर्धेतून पात्र ठरला आणि ८३९ खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत २५ लाख डॉलर जिंकला. नवख्यांची लाटच आली. २००४ मध्ये १९९५ चे विजेते डॅन हॅरिंग्टन यांच्या स्पर्धा-पोकरवरील पुस्तकमालेचा पहिला खंड निघाला. स्पर्धेत हरलेली नाणी पुन्हा विकत घेता येत नसतील, तर तगून राहण्याला वेगळे मोल येते. रोख पैशांच्या टेबलावर तो सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही.

८/९
२०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या संगणक प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवले. अलीकडच्या बऱ्याच पुस्तकांचा पाया असाच संगणकीय समतोल आहे: ज्यातील दुबळेपणा कोणालाही हेरता येणार नाही असा खेळ. पाचव्या मोसमातील ही फळे पहिल्याच मोसमात तोडू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

९/९
तेव्हा नवख्याने क्रम असा ठेवावा. आधी नियम, मग शक्यतांचे गणित, त्यानंतर आपण खेळतो त्याच प्रकारावरचे एखादे पुस्तक. यार्डली आणि ब्रन्सन वाचावेत ते आपापल्या काळाचे साक्षीदार म्हणून. आणि एक गोष्ट कोणत्याही मुखपृष्ठावर सहसा छापलेली नसते. जुगारगृह जमलेल्या पैशांतून आपला वाटा कापून घेते. टेबलावरच्या सर्वांनी सर्वोत्तम पुस्तक पाठ केले, तरी उठताना त्या सर्वांच्या खिशात मिळून आणले त्यापेक्षा कमीच पैसे असतात.