पेटी, चिमटा आणि यंत्र

माझ्या लहानपणाचा एसटीचा आवाज म्हणजे इंजिनाची घरघर नव्हे, तर कंडक्टरच्या चिमट्याची टिकटिक. सीटच्या दांडीवर चिमटा वाजवत तो गर्दीतून पुढे सरके. अब्बांच्या मांडीवर बसून मी त्याची पत्र्याची पेटी न्याहाळत असे. प्रत्येक किमतीच्या तिकिटांचा गठ्ठा वेगळ्या रंगाचा. भाडे जुळवताना कधी दोन, कधी तीन तिकिटे हातात पडत.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. पुढे कित्येक दशके सारा हिशेब पेटी, चिमटा आणि वे-बिलावर चालला. सहा किलोमीटरचा एक टप्पा. हलत्या गाडीत, एका हाताने दांडी धरून, कंडक्टर गठ्ठ्यांवरचे तिकीट क्रमांक वे-बिलावर उतरवून घेई. सुट्टे नसले की उरलेली रक्कम तिकिटाच्या पाठीवर लिहून देई. उतरताना तिकीट दाखवायचे आणि पैसे घ्यायचे.

२०१० च्या सुमारास त्याच्या हाती तिकिटाचे यंत्र आले. टप्पे आणि भाडे त्यात आधीच भरलेले. बटण दाबले की तिकीट बाहेर. लिहिण्याचा जाच कमी झाला. आता तर मोबाइलनेही भाडे देता येते, म्हणजे सुट्ट्या पैशांचा वादही नको. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे. ही सवलत जुन्या पेटीत बसवायची तर किती रंगांचे गठ्ठे लागले असते! दरम्यान, १ जून २०२२ रोजी त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर विजेवरची 'शिवाई' धावली.

यंत्राचे हे उपकार मी मानतो. मात्र कोणत्या फेरीला किती पैसे आले, हेही आता चटकन समोर येते. त्या तक्त्यात टोकाच्या गावी मुक्कामाला जाणारी गाडी मागेच पडणार. पहाटे तीत असतात अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर शाळेला निघालेल्या मुली. असते दवाखान्याला निघालेली पंचाहत्तरी ओलांडलेली आजी; २०२२ पासून तिला यंत्र शून्य रुपयांचे तिकीट देते. या सवलतींचे पैसे सरकारने महामंडळाला द्यायचे असतात. पण फेरी चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवताना त्या शून्यापुढे बसलेले माणूसही मोजले पाहिजे.

माझी धाकटी बहीण अशाच मुक्कामी गाडीने तालुक्याला जाऊन दहावी झाली. ती गाडी नसती, तर अब्बांनी तिला सातवीनंतर घरीच ठेवले असते. ही नोंद तेव्हाच्या वे-बिलावर नव्हती आणि आजच्या यंत्रातूनही छापून येणार नाही. ती आपणच ठेवायची आहे.