एका लिफाफ्याची फाळणी

अमेरिकेतील वैद्यकीय विम्याचा इतिहास लिहिणारे बहुधा कायदे, राष्ट्राध्यक्ष आणि निवडणुका यांच्याच भोवती फिरतात. परंतु रुग्णाची सेवा झाल्यावर तिचा मोबदला विमा कंपनीच्या खजिन्यातून डॉक्टरच्या जमेपर्यंत कसकसा पोहोचत आला, हा वृत्तान्तही तितकाच महत्त्वाचा आहे. कारण एक डॉक्टर, एक परिचारिका आणि एक हिशेबनीस एवढाच ज्याचा परिवार, असा दवाखाना चालू राहणार की नाही हे मंजूर रकमेइतकेच, ती रक्कम केव्हा आणि कोणत्या तपशिलासह हाती पडते यावर अवलंबून असते.

आरंभी हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. डॅलस शहराच्या शाळाखात्याचे पूर्वीचे अधीक्षक जस्टिन फोर्ड किंबल हे तेथील बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाचा कारभार पाहू लागले, तेव्हा त्यांना वह्यांत शिक्षकांच्या नावांवर बरीच थकबाकी आढळली. आणि 1929 साली त्यांनी दरमहा 50 सेंट वर्गणीच्या बदल्यात वर्षाकाठी 21 दिवसांच्या रुग्णालयीन शुश्रूषेची हमी देणारी योजना काढली. वर्गणी घेणारा आणि सेवा देणारा एकच असल्यामुळे तेथे पैसा कोठून कोठे पाठविण्याचे कारणच नव्हते. याच कल्पनेतून पुढे ब्लू क्रॉस नावाच्या विमासंस्था वाढल्या. दुसऱ्या महायुद्धात सरकारने वेतनवाढीवर निर्बंध घातले, तेव्हा मालकांनी कामगारांना विम्याचे आमिष देण्यास प्रारंभ केला, आणि व्यापारी विमा कंपन्या या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर उतरल्या. त्यांचा मूळ शिरस्ता असा की, रुग्णाने बिल स्वतः भागवावे आणि कंपनीने मागाहून त्याची भरपाई करावी. परंतु रुग्णाने आपला हक्क लेखी रीतीने डॉक्टरच्या नावे करून देण्याची वहिवाट रूढ झाली, आणि कंपनीचा धनादेश थेट दवाखान्याच्या पत्त्यावर येऊ लागला.

30 जुलै 1965 रोजी मिसुरीतील इंडिपेन्डन्स येथे, वृद्ध माजी अध्यक्ष ट्रुमन यांच्या सान्निध्यात, अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर स्वाक्षरी केली, आणि पासष्टी उलटलेल्या नागरिकांच्या औषधोपचाराचा मोठा भार संघराज्याच्या तिजोरीवर आला. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला झालेल्या स्थलांतराच्या कायद्याने आशियातील सुशिक्षितांना त्या देशाची दारे उघडली; मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून आणि सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेले कित्येक मराठी डॉक्टर तेथे गेले, आणि ज्यांनी स्वतंत्र दवाखाने थाटले त्यांना या धनादेशांशी आयुष्यभर व्यवहार करावा लागला.

त्या काळच्या लिफाफ्याचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे, कारण पुढील सारा इतिहास त्याच्याच विभागणीचा आहे. लिफाफ्यात धनादेशासोबत एक खुलासापत्र असे: कोणत्या तारखेला कोणत्या रुग्णावर कोणता उपचार झाला, त्यासाठी किती मागितले, कंपनीने किती मान्य केले, रुग्णाने स्वतः किती द्यावयाचे, आणि जे नामंजूर झाले ते कोणत्या कारणास्तव, हा सर्व तपशील त्यात रकानेवार मांडलेला असे. एकाच धनादेशाच्या पोटात अनेक रुग्णांचे दावे सामावलेले असत. तेव्हा हिशेबनीसाने पत्र समोर धरून एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवावी, नामंजूर दाव्यांची दाद मागावी, आणि मग धनादेश बँकेत भरावा, असा क्रम होता. काम कष्टाचे आणि सावकाश होई. परंतु पैसा आणि पैशाचे कारण एकाच हातात एकाच वेळी येत, ही त्या पद्धतीची थोरवी मला निःसंशय वाटते. तिचा दोषही तितकाच उघड होता: धनादेश टपालात आणि बँकांच्या देवघेवीत अडकून पडे, आणि तेवढे दिवस त्या रकमेचा लाभ कंपनीकडे राहून झळ डॉक्टरला सोसावी लागे.

कागदावाचून पैसा फिरविण्याची युक्ती बँकांना पूर्वीच साधली होती. कॅलिफोर्नियातील बँकर्सनी 1968 साली याच्या विचारासाठी समिती नेमली, 1972 साली तेथे पहिले स्वयंचलित समाशोधनगृह सुरू झाले, आणि 1974 साली अशा गृहांची राष्ट्रीय संघटना निर्माण झाली. वृद्धांची निवृत्तिवेतने त्या दशकातच थेट खात्यांत जमा होऊ लागली. डॉक्टरांचे देणे मात्र कागदावरच राहिले, कारण निवृत्तिवेतनाला खुलाशाची गरज नसते, आणि उपचाराच्या पैशाला खुलाशावाचून अर्थ नसतो.

21 ऑगस्ट 1996 च्या ‘हिपा’ कायद्याने वैद्यकीय व्यवहारांचे इलेक्ट्रॉनिक नमुने एकसारखे करण्याचा हुकूम दिला, आणि खुलासापत्राला ‘835’ या क्रमांकाचे प्रमाणित रूप लाभले. पण पैसा बँकांच्या वाटेने गेला आणि तपशील संगणकसंस्थांच्या वाटेने. लिफाफ्याची फाळणी झाली. खात्यावर एक ठोक रक्कम येऊन पडे, आणि ती कोणाकोणाची हे सांगणारा दस्तऐवज कधी आठवड्याने येई, कधी येतच नसे. 2010 च्या आरोग्यसुधारणा कायद्याने या वियोगाची दखल घेतली, आणि त्यान्वये ठरलेले नियम 1 जानेवारी 2014 पासून अंमलात आले: बँकेमार्फत जाणाऱ्या रकमेसोबत 80 अक्षरांची एक पुरवणी जावी, तीत एक मागोवा-क्रमांक असावा, तोच क्रमांक खुलासापत्रावरही असावा, आणि दोहोंच्या आगमनात तीन कामकाजी दिवसांहून अधिक अंतर नसावे. जी गाठ पूर्वी लिफाफ्याच्या डिंकाने बसत असे, ती बांधण्यास एवढा खटाटोप करावा लागला. ती जुळविण्याचे, म्हणजे ‘पेमेंट पोस्टिंग’चे, काम आज पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतून रात्रपाळी करणारी मराठी मुलेमुलीही करतात, आणि त्या अमेरिकन दवाखान्यांचा ताळमेळ बऱ्याच अंशी त्यांच्या दक्षतेवर उभा आहे.

याच सुमारास एक अन्याय्य प्रथा शिरली. काही कंपन्या धनादेशाऐवजी एकदाच चालणारा कार्डक्रमांक कागदावर किंवा फॅक्सने पाठवू लागल्या. तो दवाखान्याने आपल्या यंत्रात भरावा, आणि कार्डसंस्थांचा आकार, जो शेकडा पाचापर्यंतही जाऊ शकतो, स्वतः सोसावा. मंजूर झालेल्या मोबदल्यातून तो केवळ हाती यावा म्हणून कसर द्यावी लागणे हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही. डॉक्टरने मागणी केल्यास प्रमाणित बँकमार्गानेच पैसे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. परंतु हा हक्क ठाऊक नसलेले दवाखाने मुकाट्याने कसर देत राहतात. कंपनी आणि दवाखाना यांच्यामधील मध्यस्थ संस्था तर बँकमार्गाच्या रकमेवरही टक्केवारी मागतात.

या मध्यस्थांवर किती भार साचला होता, हे 21 फेब्रुवारी 2024 रोजी कळून आले. युनायटेडहेल्थ समूहाच्या चेंज हेल्थकेअर या दलाल-संस्थेच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला, आणि दावे पाठविण्याचे व खुलासे मिळण्याचे मार्ग देशभर एकदम खुंटले. समूहाने सुमारे 2 कोटी 20 लाख डॉलर खंडणी भरल्याचे त्याच्या प्रमुखांनी सिनेटच्या समितीपुढे मान्य केले. आठवडेच्या आठवडे जमा थांबल्याने कित्येक डॉक्टरांनी नोकरांचे पगार स्वतःच्या शिलकीतून किंवा कर्जातून भागविले, आणि जेथे शक्य होते तेथे दावे पुन्हा कागदावर लिहून टपालाने रवाना केले. पुढील वर्षी, 25 मार्च 2025 रोजी, संघराज्याच्या तिजोरीतून निघणारे कागदी धनादेश 30 सप्टेंबरपर्यंत बंद करण्याचा अध्यक्षीय आदेश निघाला. बँकमार्गाने दिलेल्या रकमेवर डॉक्टरकडून शुल्क घेण्यास मनाई करणारे विधेयक मात्र त्याआधीच, 2023 साली, काँग्रेसपुढे मांडले गेले होते.