हळद, नारळाचा रोस आणि १७३६ सालचे फर्मान

माझ्या भाचीचे लग्न ठरले तेव्हाची गोष्ट. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी, रंगाने सावळी. बोलणी चालू असताना वरपक्षाकडल्या एका वयस्क बाई सहज म्हणून गेल्या, "मुलगी छान आहे, रंग मात्र थोडा उजळ असता तर!" बोलणाऱ्या बाई ते विसरल्या. भाची विसरली नाही. तिने कोणाला न विचारता औषधाच्या दुकानातून एक मलम आणले आणि दीड महिना रोज चेहऱ्याला चोळले. पहिले पंधरा दिवस चेहरा खरोखरच तुकतुकीत दिसला. मग गाल लाल झाले, आग होऊ लागली, बारीक पुळ्या उठल्या. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी ट्यूब हातात घेतली, मागचे बारीक अक्षर वाचले आणि सांगितले, "हे स्टेरॉइड आहे. चेहऱ्याला लावायचे नव्हते." अशी चौदा स्टेरॉइड मलमे २०१८ साली केंद्र सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली होती. पण यादी एकीकडे आणि दुकान दुसरीकडे!

डॉक्टरांच्या उपचाराने चेहरा सावरायला चार-पाच महिने लागले. लग्नाच्या आदल्या आठवड्यात माझी ताई, म्हणजे मुलीची आई, मला म्हणाली, "आता हिच्या तोंडाला काही लावायचे म्हटले की माझ्या पोटात गोळा येतो. हळदीचे काय करूया गं?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एक जुनी यादी आठवली. कॉलेजात इतिहास हा माझा विषय होता. पुढे सरकारी कारकून झाले आणि इतिहास रविवारपुरता उरला. अ. का. प्रियोळकरांचे गोव्यातील इन्क्विझिशनवरचे इंग्रजी पुस्तक मी कॉलेजात असताना वाचले होते. प्रियोळकर आमच्या फोंडा महालातल्या प्रियोळचे. हे पुस्तक १९६१ साली आले, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी. त्यात १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने काढलेले एक फर्मान दिले आहे. बाटून ख्रिस्ती झालेल्या लोकांनी आपल्या जुन्या चालीरीती सोडाव्यात म्हणून काढलेले. अंगणात तुळस लावायची नाही, मीठ न घालता भात शिजवायचा नाही, अमुक पद्धतीने वस्त्र नेसायचे नाही, अशी मनाई त्यात एकामागून एक येते. लग्नाच्या भागात वधूवरांच्या अंगाला काय लावायचे नाही तेही आहे. वाटलेली हळद, दूध, खोबरेल तेल, तांदळाचे पीठ आणि अबोलीची वाटलेली पाने.

पहिल्यांदा वाचले तेव्हा मी हसलेच होते. ही तर माझ्या आजीच्या उटण्याची वाटी! दिवाळीच्या पहाटे न्हाणीत भाण तापत असे, आजी आधी कोमट खोबरेल डोक्यात जिरवायची, मग पाट्यावर वाटलेले उटणे अंगाला लावायची आणि मग कारीट फोडायला अंगणात पाठवायची. अबोलीची पाने तेवढी तिच्या वाटीत नसत, बाकी सगळे तेच. आमच्या आज्या-पणज्यांनी हे साहित्य कधी कागदावर लिहिले नाही. त्यांना लिहिण्याची गरज वाटली नाही, आणि बहुतेकींना लिहिता येतही नव्हते. ते लिहून ठेवले कोणी, तर ज्यांना ते पुसून टाकायचे होते त्यांनी.

इंग्रजी भाषांतरात हळदीच्या जागी केशराचा शब्द येतो, त्यामुळे वाचणारा थबकतो. गोव्यातल्या शेतकरी-गावकऱ्यांच्या लग्नात केशर कुठून यायचे? उलगडा पोर्तुगीज भाषेत आहे. पोर्तुगीज हळदीला 'असाफ्रांव द तेर्रा' म्हणत, म्हणजे या भूमीतले केशर. वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ साली गोव्यात आला. इथल्या औषधी वनस्पतींवरचे त्याचे पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापले गेले. त्यात हळदीवर वेगळे प्रकरण आहे, ते याच नावाने. इथले लोक तिला 'अलद' म्हणतात असेही त्याने नोंदवले आहे. आपल्या तोंडची 'हळद' त्याच्या कानाला तशी ऐकू आली. ज्या इन्क्विझिशनने पुढे हळदीवर बंदी घातली, त्यानेच १५६९ साली ओर्ताच्या बहिणीला जाळले आणि १५८० साली, मरून बारा वर्षे झालेल्या ओर्ताची हाडे उकरून जाळली. तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळत होता असा आरोप होता.

आता कारकून म्हणून एक निरीक्षण नोंदवते. आमच्या कचेरीत एखादे परिपत्रक जितके तपशीलवार निघते, तितके समजावे की तो नियम कोणी पाळत नाही. सगळे वेळेवर येत असतील तर "सकाळी साडेनऊला जागेवर हजर राहावे" असे लिहावे लागत नाही. इन्क्विझिशन गोव्यात १५६० साली आले. त्यानंतर १७६ वर्षांनी हळद, दूध, तेल, पीठ आणि पाने अशी एकेक जिन्नस मोजून मनाई करावी लागते, याचा अर्थ काय? बार्देश, तिसवाडी, साष्टी या जुन्या काबिजादीतल्या घरांच्या मागल्या दारी उटणे तोवर वाटले जात होते. जुन्या गोव्यातल्या ज्या वाड्यात हे न्यायासन बसे त्याला लोक 'व्हडलें घर' म्हणत. त्या घराची दहशत मोठी होती. पण पाटा-वरवंट्याचा आवाज काही थांबला नव्हता.

थांबला नाही याचा पुरावा मी डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्या कचेरीतल्या माझ्या एका ख्रिस्ती मैत्रिणीच्या मुलीचे साष्टीत लग्न होते. आदल्या दिवशी 'रोस' होता, त्याला तिने मला आग्रहाने बोलावले. रोस म्हणजे नारळाचे दूध. नवरीला पाटावर बसवली होती. आधी तिच्या डोक्यात तेल घातले, मग घरच्या आणि शेजारच्या बायका एकेक करून पुढे येऊ लागल्या आणि तिच्या अंगाला रोस चोळू लागल्या. कोणी गाणे म्हणत होती, कोणी रडत होती. मी बाजूला उभी. मैत्रिणीने मला हाताला धरून पुढे ओढले आणि म्हणाली, "यो गो, तूंय लाय!" मी नवरीच्या गालाला रोस लावला आणि मनात आले, यातून हळद तेवढी गेली आहे. नारळ आहे, तेल आहे, पाट आहे, बायका आहेत, गाणी आहेत. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांतही लग्नाआधी हाच रोस होतो. त्यांचे पूर्वज गोव्यातूनच तिकडे गेले. जाताना सामानात हेही नेले. हळदीचे म्हणाल, तर तिचे पानही ख्रिस्ती घरातून गेलेले नाही. आम्ही नागपंचमीला हळदीच्या पानात पातोळ्या करतो, ते १५ ऑगस्टला मारियेच्या फेस्ताला करतात.

इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे बंद झाले. पण त्या न्यायासनाला एक गोष्ट कळली होती, जी आजच्या पार्लरवाल्यांना कळत नाही. उटणे म्हणजे नुसते कातडीचे काम असते तर त्यावर कोणी फर्मान काढले नसते. अंगाला हळद लावणारा हात कोणाचा आहे, तो कधी लावतो, कोणते गाणे म्हणत लावतो, यात एक अख्खा समाज असतो. तो मोडायचा म्हणून वाटी मोडायची होती.

आणि हळद मुळात गोरे करण्यासाठी होती का? उटणे हा शब्द संस्कृत 'उद्वर्तन' यावरून आला. अंगाला चूर्ण चोळून मळ काढणे हा त्याचा अर्थ. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात हळदीची नावे दिली आहेत. कांचनी, निशा, वरवर्णिनी, योषित्प्रिया, आणि एक गमतीदार, हट्टविलासिनी, म्हणजे बाजारात झळकणारी. वरवर्णिनी म्हणजे चांगला वर्ण देणारी. चांगला, पांढरा नव्हे. हळदीचे दुसरे एक नाव गौरी, आणि संस्कृतात 'गौर' या शब्दात पिवळेपणाही येतो. हळद लावून माणूस पिवळा होतो, हे तर लहान मूलही सांगेल. त्या पिवळेपणात मंगल होते. सावळी मुलगीही पिवळी होत होती आणि गोरी मुलगीही. ट्यूबमधून गोरेपणा विकणारी देशातली सगळ्यांत प्रसिद्ध क्रीम १९७५ साली बाजारात आली आणि २०२० साली तिला नावातला 'फेअर' हा शब्द काढावा लागला. मधल्या पंचेचाळीस वर्षांत आपण हळदीकडूनही त्या क्रीमचेच काम मागू लागलो.

लिहून न ठेवण्याची किंमत आपल्याला आणखी एकदा मोजावी लागणार होती. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम बरी करण्याच्या उपयोगावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. आपल्याकडे कोणीही हसेल. कापले की हळद भरायची हे कोणाला ठाऊक नाही? पण पेटंट कचेरीला आजीचे तोंडी म्हणणे चालत नाही, कागद लागतो. सीएसआयआरने १९९६ साली आव्हान दिले, जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय वैद्यकीय लेख असे कागद पुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. त्या वेळी सीएसआयआरचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, म्हणजे जन्माने आमच्या माशेलचे. प्रियोळ आणि माशेल ही दोन्ही गावे फोंडा महालातली. एकाने हळदीवरच्या बंदीचा कागद लोकांपुढे ठेवला, दुसऱ्याने हळद सोडवून आणली.

म्हणून आजीची वाटी मी इथे लिहून ठेवते. दोन मोठे चमचे बारीक तांदळाचे पीठ, पाव चमचा हळद आणि भिजेल इतका नारळाचा दाट रोस. आधी अंगाला कोमट खोबरेल लावून पंधरा मिनिटे थांबायचे, मग हे उटणे हलक्या हाताने चोळायचे, सुकायच्या आत कोमट पाण्याने धुवायचे. यात शहाणपण आहे. हळदीचा पिवळा रंग ज्या कर्क्युमिनमुळे येतो ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून रोस. तांदळाचे पीठ मेलेली कातडी सोडवते आणि तेलामुळे कातडीतला ओलावा टिकतो.

काही गोष्टी आजीने सांगितल्या नव्हत्या, त्या डॉक्टरांकडून शिकले. आदल्या दिवशी कोपराच्या आत थोडे लावून बघावे, कारण हळदीचीही कोणाकोणाला खाज येते. सुट्या हळदीत रंगाची भेसळ असू शकते, म्हणून गाठी आणून घरी कुटलेली बरी. ज्यांना मुरुमे येतात त्यांनी चेहऱ्याला खोबरेल लावू नये, छिद्रे बुजतात. पीठ चेहऱ्यावर घासू नये. उटण्यात लिंबू पिळून उन्हात तर मुळीच जाऊ नये. काळे डाग पडतात, ते महिनोन्महिने जात नाहीत. आणि कातडी आधीच दुखावलेली असेल तर घरचे काहीही लावण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आम्ही विचारले. डॉक्टर म्हणाले, अंगाला लावा, चेहरा सोडा. ताईच्या पोटातला गोळा जरा हलला. लग्नाच्या आदल्या दिवशी भाचीला पाटावर बसवली, हाताला, पायाला, खांद्याला हळद लावली. गालाला कोणी लावली नाही. माझी ती ख्रिस्ती मैत्रीणही आली होती. रोसाच्या दिवशी मी उभी होते तशीच ती बाजूला उभी होती. मी वाटी तिच्यापुढे धरली आणि तिच्याच शब्दांत म्हटले, "यो गो, तूंय लाय!"

तिने वाटीत बोटे बुडवली आणि भाचीच्या दोन्ही हातांना हळद लावली. भाची आरशात बघत नव्हती. आपल्या पिवळ्या हातांकडे बघून हसत होती. कित्येक महिन्यांनी.