कल्पित प्रदेशांचे नकाशे आणि संगणकीय साधनांची निवड : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

कादंबरीतील नकाशा वाचकाच्या सोबतीला असतो. तो न पाहताही कथा पुढे सरकते. कल्पनारम्य भूमिका-खेळांत मात्र तसे होत नाही. या खेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका स्वीकारतो आणि सूत्रधार त्या सर्वांसाठी एक जग उभे करतो. पात्रे कोणत्या वाटेने जातील हे आधी ठरलेले नसते. नदीपलीकडचे गाव किती दिवसांच्या अंतरावर आहे, असे कोणी विचारले तर सूत्रधाराला नकाशा पाहूनच उत्तर द्यावे लागते. म्हणजेच हा नकाशा मुळात गणनेचे साधन आहे. नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरची चर्चा करताना नेमकी हीच गोष्ट बहुधा विसरली जाते.

चौकट आणि षट्कोन :

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याची मुळे युद्धखेळांत होती. अ‍ॅव्हलॉन हिल या कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी आपल्या युद्धखेळांच्या पटांवर षट्कोनी जाळी आणली होती. षट्कोनाच्या केंद्रापासून शेजारच्या सहाही केंद्रांचे अंतर समान असते. चौकोनात कर्णाची दिशा लांब पडते. त्यामुळे उघड्या मुलखासाठी षट्कोन आणि तळघरांसाठी आलेखकागदाचे चौकोन अशी विभागणी रूढ झाली. मूळ खेळाच्या साहित्ययादीत याच कंपनीचा 'आउटडोअर सर्व्हायव्हल' (१९७२) हा वेगळाच खेळ समाविष्ट होता. त्याचा पट रानावनातील प्रवासासाठी वापरावा आणि एक षट्कोन पाच मैलांचा मानावा, अशी योजना होती. दुसऱ्याच खेळाचा पट उसना घेऊन जग उभे करण्याची ही काटकसर मोठी बोलकी आहे. पुढे १९८० मध्ये चित्रकर्ती डार्लीन यांनी 'ग्रेहॉक'चा रंगीत नकाशा रेखाटला. तो सुंदर होताच, परंतु त्यावरही तीस मैलांच्या षट्कोनांची जाळी होती. सौंदर्य आणि मोजमाप यांची तोवर फारकत झालेली नव्हती.

अभियंत्याच्या साधनातून :

संगणक या क्षेत्रात आला तो चित्रकाराच्या नव्हे, अभियंत्याच्या वाटेने. माइक रिडल यांच्या 'इंटरअ‍ॅक्ट' या प्रणालीतून १९८२ मध्ये 'ऑटोकॅड' आकारास आले. त्यांनीच पुढे घडविलेल्या 'फास्टकॅड'च्या पायावर प्रोफँटसी या ब्रिटिश कंपनीने १९९३ मध्ये 'कॅम्पेन कार्टोग्राफर' तयार केले. येथे किनारा ही रंगीत ठिपक्यांची रांग नसून प्रत्यक्ष मापे असलेली रेषा असते. ती कितीही मोठी करून पाहिली तरी फाटत नाही आणि तिची लांबी मैलांत विचारता येते. याची किंमत म्हणजे शिकण्याचे कष्ट. आज्ञांची रचना आराखडे काढणाऱ्याच्या सवयीची असल्याने सामान्य सूत्रधार पहिल्याच दिवशी गोंधळून जाई. १९९९ मध्ये याच कंपनीने केलेला 'फरगॉटन रेल्म्स'चा संगणकीय नकाशासंग्रह हे या पद्धतीचे मोठे फलित होय.

नंतरची साधने कुंचल्याकडे वळली. 'इन्कार्नेट' आणि 'वंडरड्राफ्ट' यांत तयार डोंगर-झाडांचे शिक्के उमटवून तासाभरात देखणा नकाशा सिद्ध होतो. याला प्रगती म्हणण्याचा मोह होतो. तथापि अशा नकाशाचा अंतिम अवतार ठिपक्यांचे चित्र हाच असतो. अंतराचा हिशेब सूत्रधाराला पुन्हा स्वतःच मांडावा लागतो. एका संध्याकाळच्या खेळासाठी हे पुरेसे आहे. पाच-दहा वर्षे चालणाऱ्या मोहिमेसाठी नाही.

मालकीचा प्रश्न :

किमतीपेक्षा हा प्रश्न गंभीर आहे. 'इन्कार्नेट' ब्राउझरमध्ये चालते आणि त्याच्या पूर्ण सुविधांसाठी वर्गणी भरावी लागते. 'वंडरड्राफ्ट' एकदाच विकत घेता येते, पण त्याची मूळ फाइल दुसरे सॉफ्टवेअर उघडत नाही. उत्पादक थांबला तर वर्षानुवर्षे रचलेले जग केवळ चित्ररूपाने उरते. त्यात नवे गाव वसविता येत नाही. आलेखकागदावरील १९७० च्या दशकातील नकाशे आजही वाचता येतात, ही बाब दस्तऐवजांशी संबंध येणाऱ्या कोणाही अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे. या दृष्टीने 'अझगार्स फँटसी मॅप जनरेटर' हे मुक्त स्रोताचे साधन वेगळे ठरते. त्यातील नकाशा एसव्हीजी किंवा जिओजेसन या खुल्या स्वरूपांत काढून घेता येतो. पहिले स्वरूप 'इंकस्केप'मध्ये उघडते, तर दुसरे भूगोल विभागांना परिचित असलेल्या 'क्यूजीआयएस'मध्ये.

मराठी सूत्रधाराला आणखी एक अडचण येते. देवनागरीतील जोडाक्षरे व वेलांट्या योग्य जागी बसविण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये स्वतंत्र व्यवस्था लागते. 'वंडरड्राफ्ट' ज्या 'गोडॉट'च्या तिसऱ्या आवृत्तीवर उभे राहिले, तिच्यात ती नव्हती. परिणामी 'त्रिकूटगड' असे नाव लिहिले तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडे. अशा वेळी नावांविना नकाशा काढावा, तो 'इंकस्केप'मध्ये आणावा आणि नावे तेथे वेगळ्या थरावर लिहावीत. नावांचा थर स्वतंत्र राहिल्याने तोच प्रदेश खेळाडूंना नावांविना, केवळ किनारा व डोंगर दाखवून देता येतो आणि सूत्रधाराची प्रत पूर्ण राहते.