शरीररचनाशास्त्राची परीक्षा : शव, शब्द आणि काळ यांचा इतिहास

प्रस्तावना :

वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यावर विद्यार्थ्याला जी परीक्षा सर्वाधिक कठीण वाटते ती शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र या विषयांची होय. या परीक्षेत अनुत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याच्या अपयशाचे कारण सामान्यतः त्याच्या स्मरणशक्तीत किंवा परिश्रमांच्या अभावात शोधले जाते. परंतु ही परीक्षा ज्या परिस्थितीत आकाराला आली तिचा इतिहास पाहिला असता वेगळे चित्र दिसते. विद्यार्थ्याला अभ्यासासाठी मानवी शव उपलब्ध आहे काय, शरीराच्या भागांची नावे त्याला कळणाऱ्या भाषेत आहेत काय आणि हे सर्व आत्मसात करण्यास त्याला पुरेसा काळ मिळतो काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर यशापयश मोठ्या प्रमाणात अवलंबून राहिले आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या संदर्भात या तीन प्रश्नांचा ऐतिहासिक परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

प्राचीन परंपरेतील शरीरज्ञान :

भारतात शरीररचनेचा अभ्यास पाश्चात्त्य शिक्षणाबरोबर आला, असे म्हणणे योग्य ठरणार नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शव गवत वगैरेंनी वेढून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यावे आणि नंतर कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचे भाग डोळ्यांनी पाहावेत, अशी पद्धत सांगितली आहे. केवळ ग्रंथ वाचून शल्यचिकित्सकाला ज्ञान होत नाही, प्रत्यक्ष दर्शन आणि शास्त्र या दोहोंच्या मिलाफानेच ज्ञान वाढते, ही त्यामागील भूमिका होती.

तथापि पुढील काळात ही प्रत्यक्ष दर्शनाची परंपरा क्षीण झाली आणि संख्यांचे पाठांतर तेवढे शिल्लक राहिले. सुश्रुताच्या शल्यतंत्रानुसार 300 अस्थी, चरकसंहितेनुसार 360, अशा गणना शिष्य मुखोद्गत करीत. आधुनिक गणनेनुसार प्रौढ माणसाच्या शरीरात 206 हाडे असतात. हा फरक केवळ चुकीमुळे पडलेला नाही. दात, नखे आणि कूर्चा यांची गणना अस्थींमध्ये करण्याची पद्धतही त्यास कारणीभूत आहे. म्हणजेच, काय मोजायचे हे ठरवणारी व्याख्या बदलली की उत्तरही बदलते. परीक्षार्थीच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. कारण एकोणिसाव्या शतकात जो भारतीय विद्यार्थी परीक्षकासमोर उभा राहिला त्याला केवळ नवी माहिती मिळवायची नव्हती, तर शरीराकडे पाहण्याची व्याख्याच बदलायची होती.

पहिला उंबरठा : शव

कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज 1835 मध्ये स्थापन झाले आणि 1836 मध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी तेथे शवविच्छेदनात भाग घेतला. ही घटना भारतीय वैद्यकाच्या इतिहासात मैलाचा दगड मानली जाते. मधुसूदन गुप्त हे परंपरागत आयुर्वेदाचे जाणकार आणि संस्कृत कॉलेजातील अध्यापक होते. त्यांनी हूपर यांच्या शरीररचनेवरील इंग्रजी पुस्तकाचा संस्कृत अनुवादही केला होता. शवस्पर्शाने येणाऱ्या अशौचाची कल्पना ज्या समाजात दृढ होती, त्या समाजातील उच्चवर्णीय पंडिताने हे पाऊल उचलले, याचे मोल मोठे आहे.

मुंबईत 1826 मध्ये डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय शाळा निघाली होती. तेथे देशी भाषांतून शिकवले जाई. मात्र 1832 मध्ये ती बंद पडली. त्यानंतर गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात 1845 पासून अध्यापन सुरू झाले. डॉ. चार्ल्स मोअरहेड हे पहिले प्राचार्य होते. 1851 मध्ये या महाविद्यालयाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. डॉ. भाऊ दाजी लाड, पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत अग्रभागी असलेले डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि वनस्पतिशास्त्रात नाव मिळवणारे गोमंतकीय डॉ. जुझे कामिल लिस्बोआ हे त्या पहिल्या तुकडीतील होत. पुढे समाजसुधारणा, इतिहाससंशोधन आणि विज्ञान या क्षेत्रांत ज्यांनी कार्य केले, त्या व्यक्ती शवविच्छेदनाच्या मेजावरून गेल्या होत्या, ही गोष्ट आपल्या प्रबोधनाच्या इतिहासात पुरेशी लक्षात घेतली जात नाही. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि हाताने तपासल्याशिवाय मान्य करावयाचे नाही, ही शिस्त त्या मेजावरही शिकवली जात होती.

परंतु याच ठिकाणी एक अप्रिय प्रश्नही उपस्थित होतो. ही शवे कोणाची होती? इंग्लंडमध्ये 1832 च्या ॲनाटमी ॲक्टने बेवारस शवे शिक्षणासाठी देण्याची तरतूद केली. तत्पूर्वी शवांसाठी थडगी उकरली जात आणि 1828 मध्ये एडिंबरो येथे बर्क आणि हेअर यांनी शवे विकण्यासाठी खून केल्याचे उघडकीस आले होते. नव्या कायद्याने ही गुन्हेगारी थांबण्यास मदत झाली, पण भार मात्र गरीबगृहात आणि रुग्णालयात मरणाऱ्या निर्धनांवर पडला. आपल्याकडे 1949 च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाची रचनाही मुख्यतः बेवारस शवांच्या तत्त्वावरच झाली. ज्याला आप्त नाहीत किंवा अंत्यसंस्काराचा खर्च करणारे कोणी नाही, त्याच्या देहावर पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी उत्तीर्ण होत आले. स्वेच्छेने होणाऱ्या देहदानाने हे चित्र काही अंशी पालटले आहे. तथापि परीक्षेच्या गुणपत्रिकेत हे ऋण कोठेही नोंदले जात नाही.

दुसरा उंबरठा : शब्द

शव उपलब्ध झाल्यानंतरचा अडथळा नावांचा होता. लॅटिन आणि ग्रीक मूळ असलेली शेकडो नावे इंग्रजीच्या माध्यमातून शिकणे हे मुंबई इलाख्यातील विद्यार्थ्यासाठी दुहेरी परकेपण होते. इंग्रज विद्यार्थ्यालाही ही नावे सोपी नव्हती, परंतु शाळेत लॅटिनचे संस्कार झाल्यामुळे नावातील अर्थ त्याला लागत असे. मराठी विद्यार्थ्याला मात्र अर्थहीन ध्वनी पाठ करावा लागे.

मराठी प्रतिशब्दांनीही प्रश्न पूर्णपणे सुटत नव्हता. याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘स्नायू’ हा शब्द होय. सुश्रुताने 900 स्नायू आणि 500 पेशी सांगितल्या आहेत. तेथे स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे बंध आणि पेशी म्हणजे मांसाचे भाग. आधुनिक मराठीत मात्र मांसाच्या भागाला आपण स्नायू म्हणतो आणि पेशी हा शब्द शरीराच्या सूक्ष्मतम घटकासाठी वापरतो. जुना ग्रंथ आणि नवे पुस्तक अशा दोहोंचा आधार घेणाऱ्या विद्यार्थ्याला एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी भेटतो. परिभाषा घडवताना परंपरेतील शब्द उचलले, पण त्यांचे अर्थ सरकले, याचा परिणाम थेट उत्तरपत्रिकेवर होऊ शकतो.

हा प्रश्न अद्याप जिवंत आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये मध्य प्रदेशात वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाची शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली, तेव्हा त्यांत अनेक तांत्रिक संज्ञा इंग्रजीच ठेवून देवनागरीत लिहिल्या होत्या. विवेचन मातृभाषेत आणि संज्ञा आंतरराष्ट्रीय, हा मार्ग अपुरा असला तरी व्यवहार्य आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चित्राने केलेली क्रांती : हेन्री व्हँडाइक कार्टर

शब्दांचा हा उंबरठा ज्या व्यक्तीने सर्वाधिक खाली आणला तिचा मुंबई आणि सातारा या दोन्ही ठिकाणांशी निकटचा संबंध होता. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातील हेन्री ग्रे यांनी लिहिलेले आणि हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी चित्रित केलेले शरीररचनेचे पुस्तक 1858 मध्ये प्रसिद्ध झाले. ‘ग्रेज ॲनाटमी’ या नावाने ते जगभर ओळखले जाते. 2020 मध्ये त्याची 42 वी आवृत्ती निघाली. पहिल्या आवृत्तीत 363 चित्रे होती.

कार्टर हे स्कारबरो येथील चित्रकाराचे पुत्र. स्वतः वैद्यकाच्या परीक्षा देत त्यांनी 1856 मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी मिळवली होती. परीक्षार्थीची अडचण त्यांना अनुभवाने ठाऊक होती. त्यापूर्वीच्या बहुतेक पुस्तकांत चित्रातील भागांवर अक्षरे किंवा अंक घातलेले असत आणि त्यांचा अर्थ खाली अथवा दुसऱ्या पानावर शोधावा लागे. कार्टर यांच्या चित्रांत धमनीचे नाव धमनीच्याच अंगाने आणि स्नायूचे नाव स्नायूवरच लिहिलेले आहे. वरकरणी लहान भासणाऱ्या या बदलामुळे नाव आणि जागा या दोन गोष्टी एका दृष्टिक्षेपात एकत्र आल्या. ज्या विद्यार्थ्याला नावाचा अर्थ लागत नव्हता त्याला निदान नावाची जागा लागू लागली.

पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी कार्टर मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना व शरीरक्रिया या विषयांचे प्राध्यापक झाले. म्हणजे ज्यांच्या चित्रांवरून पुढे जगभरातील विद्यार्थ्यांनी परीक्षेची तयारी केली, त्यांच्या हाताखाली मुंबईचे विद्यार्थी प्रत्यक्ष शिकत होते. 1863 नंतर कार्टर साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. तेथे त्यांनी कुष्ठरोगाचा अभ्यास केला. 1877 मध्ये ते ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले आणि 1888 मध्ये निवृत्त झाले. ग्रंथाच्या लोकप्रिय नावात मात्र कार्टर यांचा उल्लेख नाही. आणि ज्या देहांवरून ही चित्रे काढली गेली त्यांची नावे तर ग्रंथात कोठेच नाहीत.

तिसरा उंबरठा : परीक्षेची रीत आणि काळ

या परीक्षेचे वैशिष्ट्य असे की ती एकाच प्रकारच्या तयारीने उत्तीर्ण होता येत नाही. लेखी प्रश्नपत्रिका, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा यांत तीन निरनिराळ्या क्षमतांची कसोटी लागते. तोंडी परीक्षेत परीक्षक विद्यार्थ्याच्या हाती एखादे हाड देतो. समजा, ते गळ्याजवळील हाड, म्हणजे जत्रुकास्थी आहे. ते उजव्या बाजूचे की डाव्या, हा पहिला प्रश्न असतो. जाडसर टोक छातीच्या मध्याकडे, चपटे टोक खांद्याकडे, खोबण असलेला पृष्ठभाग खाली आणि आतील भागाचा बाक पुढे, अशा रीतीने ते धरून स्वतःच्या शरीराशी जुळवल्याशिवाय उत्तर देता येत नाही. पाठ केलेले वर्णन येथे उपयोगी पडते, पण हाताला त्याची सवय असेल तरच. म्हणूनच हाडांचा संच घरी नेऊन रोज हाताळणे, चेताजालाची आकृती न पाहता पुन्हापुन्हा काढणे आणि सहाध्यायाने विचारलेल्या प्रश्नाला मोठ्याने उत्तर देणे, या रीती विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टिकवल्या.

शरीरक्रियाशास्त्राची मागणी निराळी आहे. तेथे नावापेक्षा कार्यकारणाची साखळी महत्त्वाची ठरते. निजलेला माणूस एकदम उभा राहिला तर रक्त पायांकडे साचते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते, रक्तदाब उतरू लागतो, मानेतील आणि महाधमनीतील संवेदक ते टिपतात आणि हृदयाची गती वाढून रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. ही साखळी ज्याला उमगली त्याला एखादा दुवा विसरला तरी तर्काने भरून काढता येतो. ज्याने ती केवळ पाठ केली, त्याचा एक दुवा निसटला की पुढचे सर्वच निसटते.

अशा त्रिविध तयारीला काळ लागतो आणि काळ हा विद्यार्थ्याच्या हातात नसून नियमांच्या हातात असतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या 1997 च्या नियमांनी पहिल्या टप्प्याचा 18 महिन्यांचा अवधी 12 महिन्यांवर आणला. 2019 च्या नव्या अभ्यासक्रमात त्यात थोडी वाढ झाली. 2023 च्या नियमावलीनुसार पहिल्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण होण्यास जास्तीत जास्त चार प्रयत्न मिळतात. ग्रामीण भागातून, मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचे पहिले काही महिने भाषेशी झगडण्यात जातात. कागदावर सर्वांना सारखाच असलेला काळ त्याच्या वाट्याला प्रत्यक्षात कमी येतो.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, शरीररचनेच्या परीक्षेची काठिण्यपातळी विषयात जेवढी आहे तेवढीच शव, शब्द आणि काळ यांच्या व्यवस्थेत आहे. दुसरी, व्यवस्थेतील लहान सुधारणाही मोठी मदत करू शकते. कार्टर यांनी नावाची जागा बदलली, ही त्याची साक्ष होय. तिसरी, पाठांतराची भारतीय परंपरा ही उणीव नसून प्रत्यक्ष हाताळणीची जोड मिळाल्यास ते सामर्थ्य ठरते. सुश्रुताचा आग्रहही दर्शन आणि शास्त्र या दोहोंच्या संयोगाचाच होता.

यास्तव अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला मंदबुद्धी ठरवण्यापूर्वी त्याच्या वाट्याला किती वेळ शवविच्छेदन आले, नावांचा अर्थ त्याला कोणी उलगडून सांगितला काय आणि भाषेच्या अडचणीसाठी त्याला किती अवधी मिळाला, हे महाविद्यालयांनी तपासणे अगत्याचे आहे. त्याचप्रमाणे उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाने, ज्या अनामिक देहाने आपल्याला शिकवले त्याचे स्मरण ठेवावे. त्या देहाच्या धन्याला बहुधा कोणत्याही शाळेचा उंबरठा ओलांडता आला नव्हता.