हैदराबादचा प्रश्न : संस्थान की स्वतंत्र राज्य?

दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभापाशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होते. १९४८ साली याच दिवशी निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे हैदराबाद संस्थानातील पाच मराठी जिल्हे त्याच्या राजवटीतून मुक्त झाले. १३ सप्टेंबरला सुरू झालेली ती मोहीम लष्कराने केली होती. तरीही तिला 'पोलीस कारवाई' असेच म्हटले गेले. या नावामागे आंतरराष्ट्रीय कायद्यातील एक मूलभूत प्रश्न आहे. पोलीस आपल्याच हद्दीत बंदोबस्त करतात. परक्या राज्यात सैन्य शिरले तर ते युद्ध ठरते. मग १९४८ चे हैदराबाद हे परके राज्य होते काय?

राज्य कशाला म्हणावे?

ज्याला कायद्याने हक्क व कर्तव्ये प्राप्त होतात, ती 'विधिव्यक्ती' होय. आंतरराष्ट्रीय कायद्यात हे स्थान प्रामुख्याने राज्यांना आहे. १९३३ च्या मोन्टेव्हिडिओ करारात राज्याची चार लक्षणे सांगितली आहेत : कायम लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासनसंस्था आणि अन्य राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. इतरांच्या मान्यतेविषयी मात्र दोन मते आहेत. एका मतानुसार ही लक्षणे असली की राज्य अस्तित्वात येते. मान्यता ही केवळ त्याची पोच असते. दुसऱ्या मतानुसार मान्यता मिळेपर्यंत राज्याला व्यक्तित्वच नसते.

निजामाचा दावा

पहिल्या तीन कसोट्यांवर हैदराबादची बाजू भक्कम दिसत होती. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख, १९४१ च्या शिरगणतीनुसार १ कोटी ६० लाखांहून अधिक प्रजा, स्वतःचे नाणे, टपाल, रेल्वे आणि फौज. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या सातव्या कलमाने संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्ता संपुष्टात आणली. ती संपताच आपण स्वतंत्र सार्वभौम होऊ, असे मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्ये जाहीर केले होते.

अडचण चौथ्या कसोटीची होती. वऱ्हाडच्या वादात निजामाने बरोबरीच्या नात्याची भाषा केली, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी मार्च १९२६ च्या पत्रात ती फेटाळली होती; ब्रिटिश राजसत्ताच हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ असून कोणाही संस्थानिकाला तिच्याशी समान पायरीवर वाटाघाटी करता येणार नाहीत, असा त्या पत्राचा आशय होता. २९ नोव्हेंबर १९४७ च्या 'जैसे थे' करारानेही परराष्ट्र व्यवहार, संरक्षण व दळणवळण यांबाबत पूर्वीचीच व्यवस्था वर्षभर चालू ठेवली. ब्रिटिशांच्या जागी आता भारत सरकार होते. अमेरिका वा ब्रिटन यांपैकी कोणीही हैदराबादला स्वतंत्र राज्य म्हणून मान्यता दिली नाही. शिवाय हा दावा शासकाचा होता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेस ऑगस्ट १९४७ पासून भारतातील विलीनीकरणासाठी सत्याग्रह करीत होती.

सुरक्षा परिषदेपुढे

ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. सनदेच्या ३५ व्या कलमानुसार सदस्य नसलेले 'राज्य'ही वाद मांडू शकते. अर्थात तक्रार करण्याच्या हक्कातच मूळ वाद सामावलेला होता. हैदराबाद राज्य नसेल तर हा भारताचा अंतर्गत मामला ठरत होता आणि त्यात परिषदेला हात घालता येत नव्हता. १६ सप्टेंबरला पॅरिस येथील बैठकीत आठ विरुद्ध शून्य मतांनी विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला. रशिया, युक्रेन व चीन तटस्थ राहिले. अधिकारक्षेत्राचा प्रश्न मात्र खुला ठेवण्यात आला. दुसऱ्याच दिवशी युद्धबंदी झाली आणि २२ सप्टेंबरला निजामाने तारेने तक्रार मागे घेतल्याचे कळविले. मे १९४९ मध्ये पाकिस्तानने विषय पुन्हा उपस्थित केला. पण हैदराबाद राज्य होते की नाही, याचा निवाडा परिषदेने कधीच दिला नाही.

लंडनमधील दहा लाख पौंड

याच प्रश्नाची सावली एका बँकखात्यावर पडली. २० सप्टेंबर १९४८ रोजी निजाम सरकारच्या लंडनमधील खात्यातून दहा लाखांहून अधिक पौंड पाकिस्तानचे उच्चायुक्त हबीब रहिमतुल्ला यांच्या नावे वळविण्यात आले. काही दिवसांतच निजामाने ते परत मागितले. १९५७ मध्ये ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहाने दावा थांबविला. पाकिस्तान हे सार्वभौम राज्य असल्याने त्याला परक्या न्यायालयात खेचता येत नव्हते. २०१३ मध्ये पाकिस्ताननेच दावा लावल्याने ते संरक्षण उरले नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निजामाचे दोन नातू व भारत यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती.

त्याच दिवशीची दुसरी घटना

१७ सप्टेंबर १९४८ रोजीच जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांची हत्या झाली. त्याची भरपाई संघटनेला मागता येईल काय, यावर ११ एप्रिल १९४९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागारी मत दिले : संयुक्त राष्ट्रे हे राज्य नव्हे, तरीही ती आंतरराष्ट्रीय विधिव्यक्ती आहे, आणि सदस्य नसलेल्या राज्याकडेही ती भरपाई मागू शकते. स्वतःची भूमी वा प्रजा नसलेल्या संघटनेला व्यक्तित्व लाभले, कारण सदस्य राष्ट्रांनी तिच्यावर सोपविलेले कार्य त्यावाचून पार पडणारे नव्हते. मुलूख, नाणे आणि फौज असलेल्या हैदराबादला ते मिळाले नाही. जगाशी संबंध ठेवण्याची त्याची क्षमता आधी ब्रिटिशांच्या आणि नंतर करारान्वये भारताच्या हाती राहिली.

नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने भारताची राज्यघटना स्वीकारली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची विभागणी होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. सुरक्षा परिषदेने जो प्रश्न अनिर्णित सोडला, त्याचे उत्तर मराठवाड्यापुरते तरी येथील जनतेच्या लढ्याने आणि राज्यघटनेने दिले.